शेप्या आंब्याचं कलम: एप्रिलात बांधलेली चोवीसच्या चोवीस वाळली, आता कधी बांधू?

मांजराकाठ
१० फेब्रुवारी

नमस्कार. केज तालुक्यात, धनेगावच्या धरणापासून जवळच आमचं रान आहे. बांधावर एकच मोठा गावरान आंबा आहे, त्याला घरात सगळे शेप्या म्हणतात. फळ मुठीएवढं. पिकलं तरी साल हिरवीच राहते आणि देठाजवळ नाक नेलं की शेपूचा वास येतो. रस पातळ, धागा जवळजवळ नाही. आमचे आण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते म्हणतात, मी शेरडं राखायचो तेव्हाही झाड एवढंच होतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या उन्हाळ्यात आमच्या धरणात चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि विहिरीत पोहऱ्यानं सुद्धा पाणी निघत नव्हतं. शेप्याची पश्चिमेची बाजू तेव्हापासून वाळत गेली. आता खोडातून भुसा पडायलाय, भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागलंय. पूर्वेच्या चार फांद्या तेवढ्या हिरव्या आहेत, त्यातल्या दोनच यंदा मोहरल्या.

कोय लावून काही साधत नाही, हे आम्ही पाहिलंय. भावानं बारा वर्षांपूर्वी शेप्याच्याच कोयी लावल्या होत्या. त्यातली दोन झाडं फळाला आली. एकाचं फळ इतकं आंबट की लोणच्याशिवाय दुसरा उपयोग नाही. दुसऱ्याचं फळ मोठं आणि गोड, पण त्याला तो वास नाही. आण्णांनी चाखून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "हा दुसराच कुणीतरी हाय."

म्हणून मागच्या वर्षी कलमाचा नाद घेतला. व्हिडिओ बघून शिकले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चोवीस खुंटरोपं, म्हणजे ज्यांच्यावर कलम बांधायचं ती रोपं, आणली, सकाळी शेप्याच्या काड्या कापल्या, दुपारी गोठ्याच्या सावलीत बसून बांधल्या. पाचर नीट बसवली होती, पट्टी घट्ट होती, वरून पिशवीची टोपीही घातली होती. आठ-दहा दिवसांत काड्या काळ्या पडल्या. एकही फुटली नाही.

विचारायचंय ते असं. माझा महिना चुकला, काडी चुकली की हात चुकला? शेप्याच्या कोयींची दीड वर्षाची बारा रोपं बांधावर उभी आहेत, त्यांच्यावरच जागेवर बांधता येईल का? कुणी म्हणतं भेट कलम करा, ते हमखास धरतं. झाडाकडं बघितलं तर मला वाटत नाही की ते अजून फार पावसाळे काढील. आण्णा काही बोलत नाहीत, पण रोज संध्याकाळी बांधावर जाऊन बसतात.

कलमवाला_अंबाजोगाई
१० फेब्रुवारी, रात्री

ताई, तुमचा हात चुकला असं मला वाटत नाही. महिना चुकला आणि काडी चुकली. आधी महिन्याचं सांगतो.

मी १९९८ पासून कलमं बांधतो. पहिल्या वर्षी मीही अक्षय तृतीयेच्या आसपास दोनशे बांधली होती आणि त्यातली अकरा जगली. ज्यांच्याकडून शिकलो ते कोकणात काम केलेले होते. तिकडं उन्हाळ्यातसुद्धा हवेत ओल असते. आपल्याकडं एप्रिलात चाळीस-बेचाळीस डिग्री ऊन आणि वर कोरडं वारं. काडी खुंटावर बसवली म्हणजे ती लगेच पाणी प्यायला लागते असं नाही. सालीखाली जो हिरवा ओलसर थर असतो, तो दोन्हीकडून वाढून एकमेकांत गुंतायला दोन-तीन आठवडे लागतात. तोपर्यंत काडी स्वतःच्या अंगातल्या ओलीवर जगते. कोरड्या हवेत ती ओल आठ दिवसांत संपते. तुमच्या काड्या आठव्या-दहाव्या दिवशी काळ्या पडल्या, म्हणजे नेमकं हेच झालं. बहुतेक व्हिडिओ कोकणातले असतात. ते खोटं सांगत नाहीत, त्यांची हवा वेगळी आहे.

आपल्या भागात आंब्याचं मृदुकाष्ठ कलम, म्हणजे खुंटाच्या कोवळ्या फुटीवर काडी बांधायची ते, आषाढी एकादशीपासून पोळ्यापर्यंत. त्यातही तरणा पाऊस सरून म्हातारा लागला की सगळ्यात बरं, म्हणजे जुलैचा दुसरा पंधरवडा आणि ऑगस्टची सुरुवात. हवेत ओल असते, ऊन मवाळ असतं आणि खुंट जोरात असतो. फक्त पाऊस चालू असताना बांधू नका. कापात पाणी गेलं की जोड कुजतो. उघडीप बघा, सकाळी अकराच्या आत हात आवरा.

आता काडीचं. तुमच्या झाडाचा खरा अडथळा इथं आहे आणि त्याचं काम याच आठवड्यात सुरू करावं लागेल. अशा थकलेल्या झाडाच्या टोकाच्या काड्या बारीक असतात, त्यांची पेरं आखूड असतात, त्यांच्यात साठाच नसतो. मोहरलेली काडी तर अजिबात घेऊ नका, तिच्या टोकाला पालवीचा डोळा राहिलेला नसतो. एप्रिलात तुम्ही कापलेल्या बऱ्याच काड्या मोहर झडून गेलेल्या असणार.

तर असं करा. ज्या दोन फांद्या मोहरल्या नाहीत, त्यांच्या पंधरा-वीस डहाळ्यांचे शेंडे फूटभर छाटा. आत्ताच, महाशिवरात्रीच्या आत. कापावर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी; तुम्हाला याच प्रमाणात थोडीशीच लागेल. पाणी खोडाशी ओतू नका, फांद्यांचा घेर जिथं संपतो तिथं आळं करून द्या, जित्या बाजूला. मार्चअखेर जाड, सरळ फूट येईल. जुलैत ती साडेतीन-चार महिन्यांची होईल. पेन्सिलीएवढी जाड, रंग हिरवा पण तांबूसपणा गेलेला, अशी काडी पाहिजे.

बांधायच्या आठ-दहा दिवस आधी त्या काड्यांची पानं कापा, पण देठ ठेवा. हे काम लोक टाळतात आणि तिथंच मार खातात. पानं काढली की रस टोकाच्या डोळ्याकडं जातो, डोळा फुगतो. नुसतं बोट लागलं आणि देठ गळून पडला की समजायचं काडी तयार झाली. डोळा फुगलेला पाहिजे, फुटलेला नको. काडी पाच-सहा इंच घ्या. झाड बांधावरच आहे, तेव्हा दहा काड्या कापा, बांधा, मग पुढच्या दहा. सकाळी कापून दुपारी बांधायचं नाही. लांब न्यायची वेळ आली तर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा.

बांधावरच्या बारा रोपांवर जरूर बांधा. मी तर म्हणेन पिशवीपेक्षा तीच खरी. त्यांचं सोटमूळ खाली गेलेलं आहे, दुष्काळात तेच झाड धरून ठेवतं. पिशवीत वाढलेल्या रोपाचं मूळ तळाशी गोल फिरतं. पण दीड वर्षाचं खोड आता टणक झालं असेल, त्याच्यावर कोवळं कलम बसत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती रोपं गुडघ्याखाली कापा. खालची जुनी पानं असतील तर राहू द्या. नवे फुटवे येतील, त्यातले दोन जोमदार ठेवा, बाकीचे मोडा. फुटव्याची पानं तांबडी सरून पोपटी व्हायला लागली की खुंट तयार. सगळे एकाच दिवशी तयार होणार नाहीत, घाई करू नका.

बांधताना खुंटाला मधोमध दीड-दोन इंच चीर, काडीला तेवढीच पाचर. दोघांची जाडी सारखी नसेल तर मधोमध बसवू नका, एका बाजूची साल सालीला भिडवा. एक बाजू जुळली तरी कलम धरतं. पाचरीच्या कापाला बोट लावू नका. चाकू दर दहा कलमांमागं स्पिरिटनं पुसा. पट्टी खालून वर घ्या, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही. टोपी वीस दिवस, आणि त्या टोपीवर थेट ऊन नको. बांधावर सावली नसेल तर पऱ्हाटीची किंवा तुरीची काडकं रोवून वर पाचट टाका.

भेट कलम धरतं हे खरं. त्यात काडी झाडापासून तोडलेलीच नसते, ती दोन-अडीच महिने आईवरच जगते. पण त्यासाठी पिशवी फांदीपर्यंत न्यावी लागते. तुमची एखादी फांदी वाकून खाली आलेली असेल तर तीन-चार करून ठेवा, खात्रीसाठी. माळा बांधून वर रोज पाणी चढवावं लागणार असेल तर तो नाद सोडा. एक दिवस पाणी चुकलं की खुंट वाळतो.

भिरूड आधी काढा. तारेनं भोकातली अळी ओढा, पेट्रोलचा बोळा घाला, चिखलानं भोक बुजवा. जुलैपर्यंत झाड उभं राहिलं पाहिजे.

अंबडचा_मोसंबीवाला
११ फेब्रुवारी

काकांनी सगळं सांगितलंय. मी आंब्यातला नाही, पण एक गोष्ट आमच्याकडची सांगतो. मोसंबीचे डोळे आम्ही दिवाळीनंतर थंडीत भरतो, म्हणजे काडीऐवजी नुसता डोळा सालीखाली बसवतो, रंगपूर किंवा जंबेरी लिंबाच्या खुंटावर. चाकूच्या पाठीनं साल अलगद सुटली पाहिजे. सुटत नसेल तर त्या दिवशी डोळा भरायचाच नाही, पाणी द्यायचं आणि आठवड्यानं परत बघायचं. म्हणजे तारखेपेक्षा झाड काय म्हणतंय ते बघावं लागतं.

दुसरं, डोळा जमिनीपासून नऊ इंचांच्या वर भरायचा आणि जोड मातीत जाऊ द्यायचा नाही. आमच्या शेजारच्या मळ्यात खोडाला मातीची भर घातली, जोड बुजला, दोन पावसाळ्यांत डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागून ओळीच्या ओळी गेल्या. आंब्याला डिंक्या तसा लागत नसेल, पण ताई, बांधावर पाळी घालताना जोडावर माती चढणार नाही एवढं बघा. कोयीचं झाड जोडाखालून फुटून वर आलं तर शेप्या मागं पडेल आणि तुम्हाला कळणारही नाही.

धारूरघाट
११ फेब्रुवारी

महिन्यावरून लिहितो. आमच्या डोंगरात सीताफळ आहे. त्याचं कलम पावसाळ्यात बांधायला गेलात तर फसाल. सीताफळ थंडीत पानं टाकतं, काडी झोपलेली असते. ती काडी फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवी फूट निघायच्या जरा आधी, बांधायची. मी आत्ता तेच करायलोय. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रात बघून शिकलो. बोरीचं पुन्हा निराळं. बोर उन्हाळ्यात बुडाशी छाटायची आणि पावसाळ्यात नव्या फुटीवर डोळा भरायचा. कुणी एकच तक्ता सगळ्या झाडांना लावत असेल तर ऐकू नका.

शेडनेट_लातूर
११ फेब्रुवारी

कलमवाला काका, मान ठेवून बोलतो. एप्रिलात होतच नाही असं नाही. मी शेडनेटमध्ये फॉगर, म्हणजे पाण्याचं धुकं सोडणारे फवारे, लावून केशर आंबा बांधतो, दहातली सहा-सात धरतात. ताईंनी एखाद्या रोपवाटिकेतली जागा मिळवली तर जुलैपर्यंत थांबायची गरज नाही. झाड आधीच पडलं तर काय करणार?

कलमवाला_अंबाजोगाई
११ फेब्रुवारी

फॉगरनं तू हवेतली ओल विकत घेतोस, बाळा, आणि ते बरोबर आहे. पण तुझ्याकडं मातृवृक्षाची, म्हणजे ज्या झाडावरून काडी घेतोस त्याची, काडी तगडी आहे. शेप्याकडं आज बांधण्याजोगी काडीच नाही. ती तयार व्हायलाच जुलै लागेल.

झाड पडायची भीती मात्र खरी आहे. ताई, मृगाच्या वाऱ्यात फांदी मोडली किंवा झाड पडलं तर रडत बसू नका, त्याच तासाला मला फोन करा. पडलेल्या फांदीची काडी ओल्या गोणपाटात दोन-तीन दिवस जिती राहते. नंबर वेगळा पाठवला आहे.

निवृत्त_कृषी_शिक्षक
१२ फेब्रुवारी

भावाच्या कोयींचा अनुभव अगदी बरोबर आहे. आपल्या गावरान आंब्याच्या कोयीत बहुधा एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून आलेला असतो. कोणत्या झाडाचा पराग आला ते मधमाशी आणि माशीलाच ठाऊक. त्यामुळं प्रत्येक रोप नवा जीव असतो. कलम म्हणजे तेच झाड.

ज्या केशरच्या बागा आज मराठवाडाभर आहेत, तोही असाच कलमांनी पसरलेला आंबा. १९३१ मध्ये जुनागढ संस्थानात वंथलीला त्याची कलमं झाली, मग पंचाहत्तर कलमं गिरनारच्या पायथ्याशी लावली गेली आणि १९३४ मध्ये नवाबांनी गराचा रंग पाहून केशर हे नाव दिलं. पुढं आपल्या मातीत तो इतका रुजला की मराठवाडा केशरला स्वतंत्र भौगोलिक मानांकन आहे. तेव्हा शेप्या एका बांधावरचा आहे म्हणून त्याला लहान समजू नका.

माझी एक विनंती. यंदा जी चार फळं येतील, त्यांचं वजन करा, गराचं आणि कोयीचं वेगळं, पाड कधी लागला ती तारीख लिहा, फोटो काढा, आण्णांना जे आठवतं ते लिहून घ्या. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करता येते. त्यासाठी झाडाचं वर्णन लागतं, आणि ते झाड उभं असतानाच लिहावं लागतं.

मांजराकाठ
४ सप्टेंबर

सगळ्यांना नमस्कार. उशीर झाला, पण काहीतरी हातात आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

शेंडे फेब्रुवारीतच छाटले. मार्चच्या शेवटी फूट आली, काका म्हणाले होते तशी, सरळ आणि जाड. सगळ्या छाटलेल्या डहाळ्यांना आली नाही, अकराच फुटल्या. पण एकेकीला तीन-चार धुमारे आले. आण्णा रोज घागरीनं पाणी घालायचे, मला घालू देत नव्हते. मेमध्ये बांधावरची बारा रोपं कापताना माझा जीव होत नव्हता, चांगली कंबरेएवढी झाली होती. ती भावानं कापली.

१३ जुलैला पानं खुडली. २४ तारखेला उघडीप मिळाली, २४ आणि २५ ला मिळून एकतीस बांधली. बारा बांधावर, एकोणीस पिशवीत. देठ बोट लावताच गळत होते. ते बघून पहिल्यांदा मला वाटलं की आता होईल. आण्णा बाजेवर बसून पट्ट्या कापून देत होते.

आजची मोजणी अशी. बांधावरची बारापैकी नऊ फुटली. पिशवीतली एकोणीसपैकी आठ. पिशव्यांच्या बाबतीत माझी चूक झाली. पहिल्या आठवड्यात दोन दिवस जोराचा पाऊस झाला, पिशव्या गोठ्याच्या पागोळीखाली होत्या, पाणी साचून राहिलं. नंतर हलवल्या, पण सात कलमांचा जोड काळा पडला होता. उरलेली चार नुसतीच हिरवी उभी आहेत, फुटत नाहीत आणि वाळतही नाहीत. त्यांचं काय करू?

भेट कलम दोन केली होती, एका खाली आलेल्या फांदीला. ती फांदी १२ ऑगस्टच्या वाऱ्यात मोडली, दोन्ही गेली. काड्यांसाठी आम्ही जिथं सगळ्यात जास्त छाटलं होतं, तीच फांदी. आता झाडाला तीन जित्या फांद्या आहेत.

सरांनी सांगितल्याप्रमाणं फळांची नोंद केली. एकूण सव्वीस फळं मिळाली. सरासरी वजन १६० ग्रॅम भरलं. पहिला पाड २९ मेला लागला. शेपूचा वास देठाजवळ सर्वांत जास्त, आणि आढीत घातल्यावर चौथ्या दिवशी अख्ख्या खोलीत. आण्णांनी सांगितलं की हे झाड त्यांच्या आजीनं माहेराहून आणलेल्या कोयीचं आहे. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी वहीत लिहून घेतलंय.

कलमवाला_अंबाजोगाई
४ सप्टेंबर, रात्री

सतरा! ताई, पहिल्या खेपेला हे फार चांगलं झालं.

हिरवी उभी असलेली ती चारही कलमं महिनाभर तशीच राहू द्या. पट्टी सोडून बघायचा मोह आवरा, सैल झाली की गेलीच. दसऱ्यापर्यंत डोळा हलला नाही तर खुंट जोडाखाली कापा आणि पुढच्या जुलैत परत बांधा. खुंट वाया जात नाही.

फुटलेल्यांची पट्टी आत्ता काढू नका. दुसरी पालवी पिकली की मागच्या बाजूनं ब्लेडनं उभी चीर द्या, ओढून काढू नका. पट्टी राहून गेली तर खोडाला गळफास बसतो आणि वर्षभरानं वाऱ्यात नेमकं तिथंच मोडतं. जोडाखालचे फुटवे दर पंधरा दिवसांनी बोटानं खुडा. प्रत्येक कलमाला काठी रोवा आणि सुतळीचा फास सैल ठेवा. बांधावरच्या नऊ जणांना काट्यांचं कुंपण आजच करा, शेरडांना ही पालवी सगळ्यात गोड लागते. थंडीत पाणी कमी द्या, उन्हाळ्यात आळ्यात पाचट अंथरा आणि पाणी मोडू देऊ नका. पहिला उन्हाळा पार पडला की पुढं काळजी कमी.

मोहर पुढच्याच वर्षी येईल, कलमाचं तसंच असतं. तीन वर्षं तो खुडून टाका, आण्णांना कितीही वाटलं तरी. चौथ्या वर्षी चार-पाच फळं धरा.

सगळी एकाच बांधावर ठेवू नका. पिशवीतली दोन भावाच्या रानात लावा, एखादं बहिणीच्या गावी द्या. दसऱ्याच्या आधी मला युसूफवडगावला एका बागेत काम आहे, तेव्हा वाट वाकडी करून येईन. त्या चार कलमांचे जोड बघतो, आण्णांना भेटतो आणि तुमची हरकत नसेल तर पिशवीतलं एक माझ्या मातृवृक्षांच्या ओळीत लावायला घेऊन जातो.